आमटी गार होईपर्यंत

आमटीचं ताट पुढ्यात आलं की अजूनही माझा हात हवेतच थबकतो. काळ्या मसाल्याची वाफ नाकात शिरते, डोळे आपोआप मिटतात आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही. बायको म्हणते, "अहो, जेवा आता, गार होतंय." गारच तर व्हायची आमच्याकडे! आई गेली त्याला वर्ष होत आलं, तरी गरम आमटी खाताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.

आईची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे साऱ्या जुन्नर-आंबेगावची हजेरी. सरकारी दवाखान्याची नर्स म्हणून ती गावोगाव फिरलेली, त्यामुळे नावांना तोटा नव्हता. लोणीच्या म्हातारीचा गुडघा, डिंभ्याची न आलेली एसटी, बाजारपेठेतल्या बांगडीवाल्या चाचांचा मोतीबिंदू, सगळं ती देवाला घरच्या भाषेत सांगे, ओट्यावर टेकलेल्या शेजाऱ्याला सांगावं तसं. ‘लई दमलीये रे ती पोरगी, बघ जरा.’ मी एक डोळा किलकिला करून आमटीवरचा तवंग थिजताना पाहत असे. आमेननंतर जेवण मिळतं, एवढ्या एका गोष्टीवर माझी श्रद्धा अढळ होती.

त्या हजेरीत शेजारच्या मावशींच्या मुलाचं नाव कायम. तो आईच्याच हातावर जन्मलेला; आता नारायणगावचे टोमॅटो घेऊन माळशेज घाटातून कल्याणला टेम्पो नेतो. मावशी दर चतुर्थीला ओझरला जाणाऱ्या. त्यांनी कामं वाटूनच टाकली होती. "विघ्नहराला मी सांगते, तुमच्या देवाला तुमी सांगा, बाई. दोघांचं लक्ष असलं म्हंजे बरं." आईलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती गेल्यावर मावशींनी मला विचारलं, "भाऊ, आता त्याचं नाव तुमी घेता ना?"

मी ‘हो’ म्हणालो. घेत नव्हतो. रविवारी शेवटच्या बाकावर बसून घड्याळ बघणाऱ्यानं कुणासाठी काय मागावं? मग खोटं का बोललो, तेही नीट सांगता येत नाही. नाही म्हणायला जीभ रेटली नाही, एवढंच.

आणि मागच्या श्रावणात घाटात दरड आली. दुपारी परतणाऱ्या टेम्पोचा दिवे लागले तरी पत्ता नाही, पोराचा फोन लागेना. मावशी आमच्या उंबऱ्याशी येऊन बसल्या. "रोज घेता ना नाव? मग आज जरा मोठ्यानं घ्या. मला ऐकू द्या."

ताटं वाढलेली होती. मी डोळे मिटले आणि घाबरून एकदम व्यासपीठावरची भाषा काढली, "हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या..." गाडी तिथंच बंद पडली.

"टेम्पोचा नंबर सांगा," मावशी कुजबुजल्या.

"अं?"

"बाई सांगायच्या. घाटात काय एकच टेम्पो असतो व्हय, भाऊ?"

मला नंबर कुठला ठाऊक? मावशींनी मला सांगितला, मी देवाला सांगितला. मग ब्रेकबद्दल बोललो, दरडीबद्दल बोललो, उपाशीपोटी गाडी हाकायच्या त्याच्या खोडीबद्दल बोललो. आणि कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं, "खरं सांगतो, इतके दिवस मी याचं नाव घेतलंच नाही."

डोळे उघडायची हिंमत झाली नाही. मग बांगड्या हलल्या. "बाईंनी आगाऊ घेऊन ठिवलं असंल," मावशी म्हणाल्या. "तुमी आता थांबू नका."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मी उठू लागलो, तशा त्या दटावत्या झाल्या, "आधी आमेन म्हणा! बाई अर्धवट सोडत नव्हत्या." मी आमेन म्हणून डोळे उघडले, तर उंबरा रिकामा.

माझ्या सांगण्यानं टेम्पो आला, असं म्हणायचं धाडस मला नाही. रस्ता दिवे लागायच्या आधीच मोकळा झाला होता, फोन तेवढा मेला होता, असं पोरगाच म्हणाला. कोण कुणाचं ऐकतं, हे कोडं मला काही सुटत नाही. पण तेव्हापासून रोज नावं घेतो. क्रम चुकतो, लोणीचा गुडघा चाचांना जातो. आणि सगळ्यांत शेवटी लहानपणीच्या सवयीनं ओठांवर येतं, ‘आणि आईला...’ तिथं मी अडतो. बरं कर म्हणावं, तर आता तिला काही दुखत नाही. सांभाळ म्हणावं, तर ती त्याच्याच घरी. शिवाय गेलेल्यांसाठी मागायचं नसतं, असं आमचे पाळक सांगतात. म्हणून मी मागत नाही काही. ‘टेम्पो आला म्हणावं तिला,’ एवढाच निरोप देतो.

तोवर आमटी गार झालेली असते.