गोदाकाठी फ्रान्सची पांढरी वाइन

आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेलाय, तिथली दारूबंदी इकडे पोचायच्या आत ही फ्रान्सहून आणलेली बाटली संपवली पाहिजे, असं दिगूनं जाहीर केलं आणि आमचा गंगाखेडचा बेत ठरला. दिगू माझा मेहुणा. फ्रान्सला साखरेचं शास्त्र शिकून परतला, तेव्हापासून परभणीत आमच्याकडेच तळ ठोकून आहे, कारण गावी, गंगाखेडला, जायला त्याचं पाऊल उचलत नव्हतं. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नदीकडचं वावर विकून त्याला पाठवलं होतं. त्यांनी एकदा तरी ‘बरं झालं शिकलास’ म्हणावं, एवढीच त्याची आस. त्यासाठी ही वाइन.

सकाळच्या गाडीनं निघालात तर ऊन चढायच्या आत गंगाखेड येतं. दिगू दर स्टेशनाला उतरून बाटलीभोवतीचं फडकं भिजवत होता. समोरच्या म्हातारीला ते औषध वाटलं.

“कोन आजारी हाय, बाबा?”

मी दिगूकडे बोट दाखवलं.

स्टेशनवर टांग्याचं भाडं आधी ठरवा. बरोबर पॅन्टवाला असेल तर दुप्पट सांगतात.

घरी पोचताच बाटली दोरीनं आडात सोडली आणि दिगू चुलीपाशी गेला. “आई, ही लाकडी पिंपात मुरवलेली नाही, चव नाजूक असते. मासा नुसता मीठ लावून भाज, वर लिंबू. तिखट नको.”

“मी बाळंतिणीला रांधायलेय का?” सासूबाई म्हणाल्या.

गोदावरीचा ताजा मासा त्या दिवशी पांढराफटक ताटात आला. दिगूनं परभणीहून बांधून आणलेल्या शेळीच्या चीजबद्दल न लिहिलेलं बरं. खरं सांगायचं तर माशाबरोबर ती वाइन मला आवडली. ठेचा तोंडी लावला आणि तिची चव पार पळाली.

आबांनी पितळी पेल्यातून घोट घेतला. “आंबट हाय.”

दिगू भाषणाला लागला. “आबा, या द्राक्षांना विलायती खताचा कण नाही. नुसतं शेणखत. पाच पिढ्या एकाच घराचा मळा. त्या मातीची चव यात उतरते.”

“पाच पिढ्या?” आबांनी पेला खाली ठेवला. “कुनीच इकला न्हाई?”

“नाही. ते लोक जमिनीला...”

“बरं हाय. त्यायच्यातलं कुनी साखर शिकाया गेलं नसंल.”

सकाळपासून मी दिगूची मजा बघत होतो. त्या क्षणी मला त्याची फार दया आली. आबांनी पेला संपवला. सासूबाईंनी न विचारता दिगूच्या ताटात ठेचा वाढला.

परतताना पुलावरून ते वावर दिसतं. दुसऱ्याचा ऊस छान आला होता. दिगू खिडकीकडे पाठ करून बसला.

रिकाम्या बाटलीत आता आमच्याकडे रॉकेल असतं. तिखटाविना मासा मी एकदा मागून पाहिला, मिळाला नाही. त्या संध्याकाळी परभणीला पोचलो, तेव्हा दारातच बायकोनं भावाला विचारलं, “आबा काय म्हणाले?”

“आंबट हाय म्हनले,” दिगू म्हणाला.