कविता कुठून आली ते सांगायचं

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी सांगलीला मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि माझ्या तीन-चार कविता मासिकांत छापून आल्या होत्या. त्या वाचून मिरजेच्या एका डॉक्टरांनी घरी निरोप पाठवला. ते स्वतः सुनीतं लिहीत. महिन्यातून एका रविवारी दुपारी त्यांच्या माडीवर पाच-सहा कवी जमत. मीही यावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "जा की. पण एकटी नको."

म्हणून सोबतीला हे आले. ह्यांना कवितेचं वावडं नव्हतं, तशी गोडीही नव्हती. माडीवर गेल्या गेल्या ते मागच्या भिंतीला टेकून बसले. खिडकीतून समोरच्या छपरावर वाळत घातलेले तंबोऱ्याचे भोपळे दिसत होते. पोहे येईपर्यंत ते तेच बघत होते.

डॉक्टरांनी मला तिथली रीत सांगितली. "इथं कवितेचा अर्थ कुणी विचारायचा नाही. वाचून झाली की ती कुठून आली, तेवढं कवीनं सांगायचं. आणि खरं सांगायचं."

आधी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी विरहाची कविता वाचली. भाषा फार देखणी होती.

"कुठून आली?" डॉक्टरांनी विचारलं.

प्राध्यापक जरा घुटमळले, मग हसून म्हणाले, "खरं सांगायचं तर पुस्तकांतून. माझं लग्न झाल्यापासून बायको माहेरी म्हणून गेलेली नाही."

सगळे हसले, प्राध्यापकही हसले.

त्यानंतर वडूजकडचे एक हवालदार उठले. लढाईवरून परत येऊन ते शेती बघत होते. त्यांच्या कवितेत कुणीतरी कुणालातरी परमुलखात सोडून निघालंय, आणि निघणाऱ्यानं स्वतःला बजावलंय की मागं बघायचं नाही. वाचून झालं तेव्हा माझे डोळे भरले होते.

प्राध्यापकांनी हलकेच विचारलं, "ती कोण होती?"

"खच्चर व्हती, साहेब."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"इटलीच्या डोंगरात पाठीवर दारूगोळा न्यायची," हवालदार म्हणाले. "लय गुणाची. माझ्याबिगर कुणाला हात लावू द्यायची न्हाई. लढाई सरली, आमाला बोटीवर चढवायला न्हेलं. ती तिकडंच ऱ्हायली. तारंच्या कुंपनापल्याड हुबी व्हती."

"मग बघितलंत मागं?" मी विचारलं.

"बघितलं की."

त्यानंतर माझी पाळी आली. माझी कविता पहाटे दुरून ऐकू येणाऱ्या एका सुरावर होती. छापून आली तेव्हा सगळ्यांनी ती कृष्णाच्या बासरीची धरली होती, आणि मीही 'भक्ती' असंच सांगायचं ठरवून आले होते. पण हवालदारांनंतर ते तोंडातून निघेना.

"आमच्याकडे हे सकाळी परसात दाढी करताना शीळ घालतात," मी म्हणाले. "ती सुरात नसते. पण ती ऐकू आली की मला दिवस चांगला जाणार असं वाटतं."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. ह्यांच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी परसात शीळ नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठवड्यानं सासूबाईंनी विचारलं, "ह्याचा घसा बसलाय का गं?"

शेवटी ऊन पाण्याचा तांब्या द्यायला गेले तेव्हा मी म्हटलं, "रागावलात का?"

"राग कसला? शीळ घालायला गेलं की वाटतं, मिरजेची मंडळी बसलीत ऐकत."

"मंडळी नाहीत. मी एकटीच असते."

त्या दिवशी ते साबण लावलेल्या तोंडानं नुसतेच हसले. मग दोनेक दिवसांनी मी कणीक मळत असताना परसातून शीळ आली. पहिल्यापेक्षाही बेसूर होती. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "सुटला बाई घसा."

पुढच्या महिन्यात मिरजेला जायला टांग्यात बसलो, तेव्हा ह्यांनी आपणहून विचारलं, "या खेपेला काय वाचणार?"

मी सांगितलं.

"ती कुठून आली?"

"तिथं सांगेन ना."

"छे. आधी मला सांग," हे म्हणाले आणि टांगेवाल्याला घोडा जरा सावकाश हाकायला सांगितलं.