उपवासाच्या ताटातले परके

चऱ्होलीत बबनरावांच्या घराला तिन्ही बाजूंनी नव्या इमारतींनी वेढलं आहे. घरात माणूस एकच. बायको शालनबाई वारल्या, पण त्यांची एकादशी बबनरावांनी सोडली नाही. देवापेक्षा स्वतःसाठीच ते ती धरत. सगळे दिवस सारखे झाले होते, उपवासाचा तेवढा वेगळा वाटायचा.

मुलगा प्रीतम तळवड्यात राहतो. कंपनीतल्या, केरळच्या बिंदूशी लग्न करून तो तिला घरी घेऊन आला, तेव्हा बबनरावांनी दारातच सांगितलं, "परक्या मुलखातलं माणूस आमच्या घरात चालायचं न्हाई." दोघं उंबऱ्यावरूनच माघारी फिरली.

एका एकादशीला शेजारचे कोंडाजी डोकावले. देहूरोडच्या नोकरीतून निवृत्त झालेला, वाचनाचा नाद असलेला गडी. ताटातली खिचडी बघून हसायलाच लागले.

"कसला उपवास राव तुमचा! साबुदाण्याचं नाव मलायातल्या सागू नावाच्या झाडावरनं पडलंय. आपण खातो तो ज्या कंदाचा, तो ब्राझीलकडचा. बटाटा पोर्तुगीजांच्या गलबतातनं उतरला, नावासकट. शेंगदाणा, मिरची, सगळी समुद्रापल्याडची. मिरचीनं तर आपल्या मिरीचं नाव बळकावलं!"

"मग यात आपलं काय हाय?"

"मीठ अन् तूप. आपल्या रानातली भाकर मात्र उपवासाला चालत न्हाई. परके पाटावर अन् घरची बाहेर!"

"शालननं ऐकलं असतं तर हाकललं असतं तुमाला."

"छ्या! वहिनी म्हणल्या असत्या, आले असतील कुठनं बी, आता आपलेच की."

कोंडाजी गेले आणि बबनरावांनी हातातला घास ताटात ठेवला. शालनबाई असंच म्हणाल्या होत्या, पण ते साबुदाण्याबद्दल नव्हतं. प्रीतम-बिंदू माघारी फिरले त्या दिवशी, दार लावणाऱ्या बबनरावांचा हात धरून त्या म्हणाल्या होत्या, "आली असंल कुठनं बी. आता आपलीच हाय." बबनरावांनी हात झटकला होता.

त्यांनी फोन लावला. "प्रीतम, खिचडी केलीया. सूनबाईला घिऊन ये."

पलीकडून मशीनचा आवाज येत होता. प्रीतम म्हणाला, "आबा, दोघं बी शिफ्टवर हाय. ओव्हरटाइम लागंल."

"बरं, बरं. काम बघा."

"तिला सांगतो मी." येतो, असं काही तो म्हणाला नाही.

संध्याकाळी खिचडीचा दगड झाला होता. बबनरावांनी पाण्याचा हबका मारून ती गरम केली आणि एकट्यानंच संपवली.

पुढच्या एकादशीच्या आदल्या दिवशी त्यांनी साबुदाणा भिजत घातला, तिघांपुरता.