कोब्लेन्झच्या संगमावर

माझी श्रद्धा बेताचीच. सकाळी देवापुढे दिवा लावायचा, गुरुवारी दत्ताला साखरेचा नैवेद्य दाखवायचा आणि कामाला लागायचं. आपली काळजी आपण घ्यावी, ऊठसूट देवाला हाका मारू नयेत, असंच मी मानत आले. देव ऐकतो का, हा प्रश्न मी कधी फार वेळ डोक्यात राहू दिला नाही.

या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे वोल्फ्सबुर्गला आल्या. ह्यांना रजा मिळेना, म्हणून ऱ्हाइनकाठची जुनी शहरं त्यांना दाखवायचं काम माझ्याकडे आलं. माइन्झ, कोब्लेन्झ, मग कोलोन. आईंची पंचाहत्तरी झालेली, त्यात मधुमेह. सहलीपेक्षा मला त्यांच्या साखरेचीच धास्ती. माइन्झचं भव्य कॅथेड्रलसुद्धा मी निम्मं त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कोब्लेन्झच्या गाडीत, आईंनी सकाळची गोळी घेतल्यावर, मी सहज म्हटलं की तिथे मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते. आई ताठ बसल्या. त्यांचं माहेर नरसोबाच्या वाडीजवळचं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वाढलेली बाई.

"संगम? आणि आज गुरुवार! अगं, आधी नाही का सांगायचं?"

"आता सांगितलं ना. गोळी घेतलीय, तेवढा डब्यातला उपमा खाऊन घ्या."

"खाते गं. तू तुझं ऑफिस बघ."

माझा कॉल आला म्हणून मी गाडीच्या दाराशी गेले. परत आले तेव्हा उपम्याचा डबा पिशवीत गेला होता. खाल्लं असं मी धरून चालले.

कोब्लेन्झला दोन नद्यांच्या मधल्या टोकावर घोड्यावरच्या बादशहाचा प्रचंड पुतळा आहे. तिथून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. मी आईंना झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि बोटीची तिकिटं काढायला निघाले.

"संगमात पाय कधी बुडवायचे?"

"आई, ही काय वाडी आहे का? पायऱ्या निसरड्या आहेत, बोटींच्या लाटा येतात. लांबूनच नमस्कार करा."

"लांबून नमस्कार पाहुण्यांना करतात," त्या म्हणाल्या.

तिकिटं घेऊन परतले तर बाकावर नुसती पिशवी. फोन लावला, तो पिशवीतच वाजला. पिशवी उचलली तर जड लागली. डबा उघडला. उपमा जसाच्या तसा, चमचासुद्धा कोरडा. क्षणात सगळं कळलं. संगमाचं पाणी पायाला लागल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, असं त्यांनी गाडीतच ठरवलं असणार. गोळी पोटात आणि पोट रिकामं. साखर उतरली की त्यांना भोवळ येते, आणि दोन्ही बाजूंना पाणी.

मी धावत सुटले. निळी साडी, पांढरे बूट घातलेल्या आजी पाहिल्यात का, म्हणून भेटेल त्याला विचारलं. एकाने पुतळ्याकडे बोट दाखवलं. तिथे त्या नव्हत्या. आधी मोझेलचा काठ बघू की ऱ्हाइनचा, तेही ठरवता येईना. ह्यांना फोन केला. "अहो, आई सापडत नाहीत." ते म्हणाले, "पोलिसांना कळव. मी निघतोच." पण तिकडून पोचायला त्यांना अर्धा दिवस लागणार होता. पोलिसांशी बोलून झाल्यावर मी उभ्याउभ्याच म्हणाले, दत्तमहाराज, मला आता जमत नाहीये. तुम्ही बघा. हात जोडायचंही सुचलं नाही.

"हालो! हालो!" मोझेलकडच्या पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडत होतं. एक जाडजूड जर्मन बाई आईंना खांद्याने धरून बसली होती. आई घामाने भिजलेल्या, बूट काढलेले, पाय ओले, हातात सफरचंदाच्या रसाची निम्मी बाटली. त्या बाईंना स्वतःलाच मधुमेह होता. आईंची थरथर बघून साखर उतरलीय हे त्यांनी ओळखलं होतं. रस पुढे केला तर आईंनी तो ढकलला आणि एकदा पाण्याकडे, एकदा पायांकडे बोट दाखवत राहिल्या. "आल्झो, म्हणजे, मला वाटलं पाय पोळले असतील," बाई म्हणाल्या. त्यांनी आईंचे बूट काढले, आपली पाण्याची रिकामी बाटली नदीत बुडवून आणली आणि दोन्ही पायांवर ओतली. मग आईंनी रस घटाघटा प्यायला. अशा म्हातारीला एकटं सोडतात का, म्हणून मला चांगलं झापून बाई आपली बोट गाठायला पळाल्या.

"मला उतरवेना," आई हळूच म्हणाल्या, "तर त्याने नदीच वर आणून दिली." मी उपम्याचा डबा पुढे केला. दोन घास खाऊन म्हणाल्या, "मीठ कमी आहे." तेव्हा कुठे मी फोन हातात घेतला. ह्यांना आणि पोलिसांना आई सापडल्याचं कळवलं.

त्या बाई कुणी पाठवल्या की सहज तिथे होत्या, यावर मी वाद घालणार नाही. मधुमेही माणसं सगळीकडे असतात. पण आईंची भाषा मला येते, त्यांचा संगमही मला ठाऊक होता, आणि तरी मी नाही म्हटलं. जिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तिने पाणी आणलं. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. हातपाय चालूच ठेवायचे. ते पुरत नाहीत एवढं कबूल करायचं.

आई सावरल्यावर मी बूट काढले, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कठडा धरून पाण्यात उतरले. पाणी गार होतं. हात जोडले. मागायचं काही आठवेना. वर पायरीवर आई डबा पुसून खात होत्या.