धरून ठेवलेला अंगठा

हाडांच्या दवाखान्यात, एक्स-रेला लागून असलेल्या अरुंद खोलीत प्लास्टरताईची सव्वीस वर्षं गेली. बादलीत कोमट पाणी, कापसाचे रोल, पांढऱ्या पट्ट्या आणि तिचे दोन हात, एवढाच पसारा. भिजवलेली पट्टी गुंडाळली की ती घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. पेशंटने नाही आणि हात धरून बसलेल्या तिनेही नाही.

"जखडून टाकलंत हो!" असं कुणी कुरकुरलं की तिचं उत्तर ठरलेलं, "जखडतात चोराला. मी नुसतं धरून ठेवते. हं, बोटं हलवा बघू."

बोटं हलल्याशिवाय ती कुणाला खोलीबाहेर सोडत नसे. एक सांधा थोपवायचा तर बाकीचे हलते ठेवायचे, नाहीतर हाड जुळतं आणि हात आखडतो. हे तिने नव्या डॉक्टरांनाही बिनदिक्कत ऐकवलं होतं.

एके दिवशी तिच्यासमोरच्या स्टुलावर तिचा थोरला भाऊच येऊन बसला. दादा शिंपी. जिन्यावरून घसरला, उजव्या हातावर पडला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटातलं काजूएवढं हाड मोडलं होतं. ते नीट जुळलं नाही तर पकड कायमची जाणार, आणि पकड गेलेला शिंपी कात्री कशी चालवणार?

"ठमे, अंगठा तेवढा मोकळा सोड," दादा हळूच म्हणाला.

"तोच तर धरायचाय."

"शाळेचे अडुसष्ट गणवेश पडलेत गं!"

"पडू देत. सहा आठवडे कात्रीकडे बघायचंसुद्धा नाही."

दहाव्या दिवशी ती सहज दुकानात डोकावली, तर दादाने हात पाठीमागे नेला.

"दाखव."

अंगठ्याभोवतीचं प्लास्टर त्याने कात्रीने गोल कापून काढलं होतं. वर कड बोचू नये म्हणून निळ्या कापडाची पट्टी डकवली होती. शर्टाच्या कफासारखं सुबक दिसत होतं.

"काम सफाईदार आहे," ताई म्हणाली. "आता चल मुकाट्याने."

हाड थोडक्यात वाचलं होतं, सरकलं नव्हतं. पण पुन्हा असं झालं तर ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतरही पकडीची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ताईने नव्याने पट्ट्या गुंडाळल्या आणि भावाचा हात धरून बसली. तिच्या तळव्यात प्लास्टर हळूहळू गरम होत होतं. हा घरी जाऊन पुन्हा कापणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. प्लास्टर हाडाला थोपवतं, माणसाला नाही. सवयीने ती म्हणाली, "बोटं हलव बघू," आणि म्हणता म्हणता थांबली. बोटं तिने मोकळी ठेवली होती. पण दादाचं बाकी काय मोकळं ठेवलं होतं? त्याला तर तिने सगळाच्या सगळा बसवून ठेवला होता.

ती त्याच्याबरोबरच दुकानात गेली. वहिनी आत काजं करत बसल्या होत्या. वीस वर्षं काजं, बटणं आणि तुरपाई. कापायच्या टेबलाला दादाने त्यांना कधी हात लावू दिला नव्हता.

"वहिनी, कात्री घ्या."

"मी? हे मला कापडाला शिवू देत नाहीत!"

"ह्याचा हात आता माझ्या ताब्यात आहे. आणि दादा, तुझ्या तोंडाला मी प्लास्टर घातलेलं नाही. तू सांग, त्या कापतील."

दादाने तोंड वाकडं केलं. पण वहिनींच्या कात्रीने कापडात पहिला चर्र आवाज काढला आणि तो ताडकन उठला.

"अगं बाहेरून! रेघेच्या आत नको, खडूच्या बाहेरून!"

"ओरडू नका," वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "कात्री माझ्याकडे आहे."

ताई निर्धास्त घरी गेली.

सहा आठवड्यांनी तिने प्लास्टर उतरवलं, तेव्हा ते जसंच्या तसं होतं. फक्त त्यावर निळ्या खडूने छाती, बाही, उंची अशी मापं लिहिलेली. आतून निघालेला अंगठा बारीक, फिकट होता. दादाने तो सावकाश करंगळीच्या टोकाला टेकवला. टेकला! एक्स-रेतही हाड जुळलेलं दिसलं.

महिनाभर व्यायाम झाल्यावर त्याने दुकानात ताईसमोरच जुन्या कात्रीत अंगठा घातला आणि चिंधीवर खडूने आखलेली रेघ कापायला घेतली. कात्री जराशी रेघेच्या आत गेली. टेबलाच्या पलीकडे नवी कात्री चालवणाऱ्या वहिनी म्हणाल्या,

"अहो, खडूच्या बाहेरून!"