वरच्या घरातले शिलाई मशीन

आमच्या के. आर. पुरमच्या इमारतीत माझ्या वरच्या घरात राहणाऱ्या बाई रोज दुपारी शिलाई मशीन चालवतात. निवासी सदनिकेत व्यवसाय करणे नियमबाह्य आहे, असे मी रहिवासी संघाला तीन पत्रांत साधार कळवले होते. गिऱ्हाईक एकही दिसत नसे, हे मला अधिकच संशयास्पद वाटे. जिन्यात भेटल्या की बाई पदर घट्ट लपेटून भिंतीच्या कडेने जात. लपवण्यासारखे काही असल्याखेरीज माणूस असे चालत नाही, असे माझे ठाम मत होते.

अखेर संघाने मशीन बंद करण्याची नोटीस काढायचे ठरवले. त्या संध्याकाळी बाई माझ्या दारात आल्या आणि एक ब्लाउज पुढे धरला.

“कुणाचा हा?” मी दरडावून विचारले.

“माझाच, अण्णा. सगळे माझेच असतात. तीन पत्रं लिहिलीत, आता स्वल्प, जरासा, हातात घेऊन बघा की.”

आतून, फक्त डाव्या बाजूला, कापसाची मऊ गादी शिवलेली होती.

“ऑपरेशन झाल्यापासून टेलरला माप द्यायला नको वाटतं. मनासारखा बसेपर्यंत उसवते, पुन्हा शिवते. बसला, की त्या दिवशी आरशात बघते.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तक्रार मागे घेतली. संघाच्या अर्जात कारणाचा रकाना होता. आयुष्यात प्रथमच मी तो कोरा सोडला.