भागाक्काच्या आड राहिलेली पारबता

बातमी मोबाईलवरच आली. सकाळी अंगणात लाखोरीची डाळ निवडत बसले होते, सूप मांडीवर होतं, आणि गावच्या ग्रुपवर एक फोटो आला. कपाळभर कुंकू, हिरवं नऊवारी, नाकात नथ, एक भुवई वर चढलेली. खाली लिहिलं होतं, ‘भागाक्का यांचे दुःखद निधन’. तिचं खरं नाव पारबता, ते कुठेच नव्हतं. ज्याने फोटो टाकला त्या पोराला बहुधा ते माहीतही नसेल. पाठोपाठ जोडलेल्या हातांची चित्रं येऊ लागली आणि त्यांच्यामध्येच कुणीतरी लिहिलं, ‘चला, सुना सुटल्या’, पुढे तीन हसरे चेहरे. मी सूप बाजूला ठेवलं. रडू आलं नाही, आधी राग आला... आणि मग लक्षात आलं की या हसणाऱ्यांवर रागावण्याचा हक्क मी काही वर्षांपूर्वीच घालवून बसले आहे.

पारबता आणि मी एकोडीच्या. तिचं घर तळ्याच्या पाळीला लागून, आमचं दोन घरं सोडून. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आम्ही दोघी आपापल्या आयांसोबत धानाच्या बांधीत उतरायचो. चिखलात वाकून वाकून बायांच्या कमरा धरल्या की कुणीतरी म्हणायचं, ‘‘पारबते, मास्तरीणबाई करून दाखव.’’ आणि ही हातातली धानाची पेंढी छातीशी पुस्तकासारखी धरून मास्तरीणबाई व्हायची. मग सरपंच व्हायची, मग स्वतःचीच आजी. एकदा तिने माझी नक्कल केली. सगळ्या हसल्या, मी रडले. त्या संध्याकाळी ती माझ्या घरी आली आणि म्हणाली, ‘‘तुले वाईट वाटलं ना? पन मी तुले किती पायते, ते तर समजलं ना तुले?’’ बारा-तेरा वर्षांच्या पोरीचं हे उत्तर मला तेव्हा उमगलं नव्हतं. माणसाकडे इतकं निरखून पाहणं ही तिची माया होती.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडई म्हटलं की नाटक आलंच. वडशाहून नाटक कंपन्या येतात. अशाच एका कंपनीने एकोणिसाव्या वर्षी तिला उचललं. तिच्या वडिलांनी वर्षभर तिचं तोंड पाहिलं नाही. कंपनीतल्या पेटीवाल्या महादेवरावांशी तिने लग्न केलं, तेव्हा कुठे ते निवळले. नितीन झाला. तो आठ वर्षांचा असताना महादेवराव काविळीने गेले, आणि पारबता पोराला एकोडीत भावाकडे ठेवून कंपनीबरोबर फिरत राहिली. मला तोवर सानगडीच्या शाळेत नोकरी लागली होती, लग्नही तिथेच झालं होतं. जवळपास नाटक असलं की ती दुपारी माझ्याकडे जेवायला यायची आणि ताटावर बसल्या बसल्या विचारायची, ‘‘नितीनले भेटली होतीस का वं? उंच झाला का?’’

तिचं नाटक पाहायला आलेल्या एका दिग्दर्शकाने तिला मुंबईला नेलं. दोन चित्रपटांत लहान कामं मिळाली. एकात ती दाई होती आणि दुसऱ्यात, तिच्याच शब्दांत, ‘‘मी मेलेलीच हावो, फक्त फोटो हाय माया भिंतीवर.’’ नंतर ती मालिका आली. सुनेला छळणारी सासू, भागाक्का. ती बोलायची कोल्हापूरकडची भाषा. पारबताचं ‘मले’, ‘तुले’ तिथे चालणार नव्हतं. फोनवर सांगायची, ‘‘शालू, इथं माह्या जिभेले इस्त्री करून राहिले.’’ पण तिने ती भाषा अशी उचलली की कोल्हापूरच्या बायकाही तिला ‘तुम्ही कुठल्या गल्लीतल्या?’ असं विचारत. श्रेयनामावलीत तिचं नाव ‘पार्वती’ असं येई. तिने कधी तक्रार केली नाही.

सहा वर्षं रोज साडेसातला भागाक्का आमच्या घराघरांत यायची. पहिली एक-दोन वर्षं गंमतच होती. सुट्टीत ती गावी आली की आम्ही दोघी साकोलीच्या बाजारात जायचो. एकदा भाजीवालीने वांगी तोलता तोलता हात थांबवला आणि म्हणाली, ‘‘सुनेले उपाशी ठेवतेस अन् स्वतःसाठी वांगे नेतेस?’’ भोवतालच्या बायका हसल्या. पारबता तर खूश. वाटेत मला म्हणाली, ‘‘पाय, एवढ्या लांबून बी पोचली मी.’’

नितीनचं लग्न लाखनीच्या सारिकाशी झालं. नर्सिंगचं शिक्षण अर्धवट सोडून आलेली, शांत मुलगी. मुलीचे काका बैठकीत म्हणाले होते, ‘‘आमची पोरगी भागाक्काच्या घरी देऊन राहिलो, जरा भेवच वाटते,’’ आणि सगळे हसले होते, पारबता सगळ्यात मोठ्याने. दीड वर्षाने सारिका माहेरी निघून गेली, ती परत आली नाही. एकोडीत दोन्हीकडची माणसं बसली. मीही होते. तेच काका या वेळी म्हणाले, ‘‘हे बाई कशी हाय, ते आमी रोज साडेसातले पाहून राहिलो.’’ कुणीही हसलं नाही. नितीन खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होता. पारबताने पदर सावरला आणि म्हणाली, ‘‘चूक मायीच हाय. पोरीले मोकळं करा.’’ एवढंच. तिच्या भावाने मान फिरवली. माझ्या शेजारी बसलेली बाई कुजबुजली, ‘‘पायलं? मनातलं बाहेर आलं.’’

त्यानंतर बाजारातलं हसणं बंद झालं. हळदीकुंकवाला ती आली की बोलणं थांबायचं. कुणाच्या तरी मुलाचं लग्न ठरत असताना तिला निरोप गेला, की तुम्ही आहेराला आलात तरी चालेल, पण पाहुण्यांसमोर बसू नका. हे सगळं मी पाहत होते. आणि एका दुपारी, माझ्याच स्वयंपाकघरात, ती पाटावर बसून शेंगा सोलत असताना मी तिला विचारलं, ‘‘पारू, खरं सांग. तू तिले काही बोलली तर नाही ना?’’

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणी माझी नक्कल केल्यावर पाहिलं होतं, तसं निरखून पाहिलं.

‘‘तू बी मालिका पायतेस काय वं, शालू?’’

सोललेले दाणे तिने माझ्या परातीत ओतले, हात धुतले आणि निघाली. मी दारापर्यंत गेले, ‘अगं थांब’ म्हणाले... पण माझ्या मनात प्रश्न होताच, तो काही मला परत घेता आला नाही. तीन वर्षं ती माझ्या घरी आली नाही. मीही गेले नाही. मधल्या काळात मालिका संपली, तिची किडनी बिघडली, ती कायमची एकोडीला परतली, हे सगळं मला इतरांकडून कळत राहिलं. दहा किलोमीटरही अंतर नाही हो सानगडी-एकोडीत. माझ्या पायांना ते पार झालं नाही.

ती जाण्याच्या तीन महिने आधीची गोष्ट. भंडाऱ्याला एका दवाखान्यात मी डोळे दाखवायला गेले होते. चुकून दुसऱ्याच मजल्यावर उतरले आणि एका दाराच्या फटीतून पारबता दिसली. वाळून अर्धी झालेली, हाताला नळ्या लावलेल्या. पांढऱ्या गणवेशातली एक नर्स तिला चमच्याने वरण-भात भरवत होती. ‘‘आई, आणखी एक घास. मंग नाही म्हणजा.’’ नर्स वळली आणि मी जागच्या जागी उभी राहिले. सारिका होती.

तिने मला बाहेरच्या बाकावर बसवलं. माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून म्हणाली, ‘‘मावशी, तुम्हाले काहीच मालूम नाही?’’ मग तिने सांगितलं. मारत होता तो नितीन. पिऊन यायचा आणि मारायचा. एकदा मनगट मोडलं. त्या वेळी पारबता मुंबईहून आली, तिने सारिकाचं सामान स्वतः बांधलं आणि साकोलीला नेऊन बसमध्ये बसवलं. ‘‘माया भाऊ लय तापट हाय, मावशी. त्याले खरं समजलं असतं तर त्यानं माह्या नवऱ्याले जित्तं सोडलं नसतं, अन् मंग भाऊ जेलात. मी आईले म्हटलं, घरी काय सांगू? थ्या म्हणाल्या, मायं नाव सांग. सासू छळते म्हण. लोकायले लगेच पटंल.’’

लगेच पटेल... आणि पटलंच की. मलाही पटलं. पुढे सारिकाचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण व्हावं म्हणून पारबतानेच तिला पुन्हा कॉलेजात नेऊन बसवलं होतं. आता आठवड्यातून दोनदा नितीन आईला डायलिसिससाठी गाडीने भंडाऱ्याला आणायचा, फाटकाशी गाडीतच बसून राहायचा, आणि आत सारिका तिचं सगळं करायची. दोघं एकमेकांसमोर येत नव्हती.

मी आत गेले. पारबताने मला पाहिलं, डोळे मिटले, पुन्हा उघडले. मी तिचा हात धरून म्हणाले, ‘‘पारू, माफ कर मले. मी तुले असं विचारायले नोको होतं.’’

‘‘बरोबर विचारलं होतं तू,’’ ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. ‘‘सारिकानं तुले अर्धंच सांगितलं. थे मायाबद्दल वाईट सांगतच नाही. मनगट मोडलं, त्याच्या सहा महिने आधी तिनं मले फोन केला होता. मारते म्हणे. मी काय म्हटलं मालूम हाय? थोडं सहन कर पोरी, पोरगं झालं का सुधरंल थो. अन् फोन ठेवून मी मेकअपले बसली. त्या दिवशी सीन होता, भागाक्का सुनेले कोंडून ठेवते. लय वाहवा झाली माही.’’

मी तिचं पांघरूण सारखं केलं. तीच पुढे म्हणाली, ‘‘लोक मले नावं ठेवत, तवा मले वाटे, थोडं तरी खरं बोलून राहिले लोक. माह्या पोट्ट्याले मी वाढवलंच नाही, शालू. त्याच्यावर कोन्त्या तोंडानं ओरडू? म्हणून त्याचं बी मीच घेतलं अंगावर. चांगलं केलं का वाईट, ते मले अजून समजलं नाही.’’

ते मलाही आजवर समजलेलं नाही. तिने एका मुलीला सोडवलं आणि एका मुलाला झाकलं, दोन्ही एकाच वाक्याने. नितीनला गावाने कधी काही विचारलं नाही. त्याने नंतर दारू सोडली हे खरं, पण ज्याच्यासाठी आईने तोंड लपवलं तो मात्र चौकात ताठ बसत होता, हेही खरं. मैत्रीण म्हणून मला तिचा अभिमान वाटतो आणि बाई म्हणून राग येतो. हे दोन्ही मी तिच्या हयातीत तिला सांगायला हवं होतं. त्यानंतर चार-पाच वेळा मी तिला भेटले. आम्ही बोललो ते रोवणीच्या दिवसांबद्दलच.

साकोलीत तिची शोकसभा झाली. बॅनरवर पुन्हा तोच चढलेल्या भुवईचा फोटो. सूत्रसंचालकाने भागाक्काचा एक संवाद म्हणून दाखवला, लोक हसले, मग दोन मिनिटं उभे राहिले. मला बालमैत्रीण म्हणून बोलायला बोलावलं. पहिल्या रांगेत नितीन बसला होता. मी मास्तरीणबाईंची नक्कल सांगितली, तिच्या कष्टांबद्दल चार वाक्यं बोलले आणि खाली बसले. घरी येईपर्यंत माझी मलाच लाज वाटत होती. तीस-पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि माईक हातात असताना गप्प बसले.

म्हणून हे लिहिलं. सारिकाला आधी फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘लिवा. भावाले मी सांगते, आता मी भेत नाही.’’ मागच्या आठवड्यात कागद घेऊन एकोडीला गेले आणि ओसरीत बसून नितीनला सगळं वाचून दाखवलं. मनगटाचं वाक्य आलं, तेही मी गाळलं नाही. तो गुडघ्यांत मान घालून बसला होता. वाचून झाल्यावर मी म्हटलं, ‘‘तुझं नाव बदलून लिहू का?’’

‘‘नोको, मावशी. मायं नाव तसंच राहू द्या,’’ तो म्हणाला. ‘‘आई होती तोवर मी एकदा बी बोललो नाही.’’

मग तो उठला आणि मला तिच्या खोलीत घेऊन गेला. खाट, गोळ्यांचा डबा, खुंटीवर दोन लुगडी. लोखंडी कपाटाचं दार त्याने उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला खडूने, तिच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं : सोम सकाळ, मंगळ सकाळ, बुध रात्र, गुरू रात्र, शुक्र दुपार, शनि दुपार. आधीचं पुसून पुन्हा पुन्हा लिहिल्यामुळे मागचा पत्रा पांढुरका झाला होता.

‘‘गोळ्यायच्या वेळा हायेत,’’ नितीन म्हणाला. ‘‘मी रोज हे पाहून विचारो, आई, घेतली का? थे हो म्हणे.’’

मी चष्मा पुसून खालची ओळ वाचली. रवि सुट्टी.

‘‘गोळ्यांना सुट्टी कशी असेल रे?’’ मी म्हटलं. ‘‘ही सारिकाची ड्युटी आहे. ती झोपली असताना फोन जाऊ नये म्हणून लिहून ठेवत असेल.’’

त्याने खालच्या ओळीजवळ बोट नेलं. मग म्हणाला, ‘‘दर रविवारी थे मले बाजारात पाठवे. घरी सगळं असे, तरी बी फोन हातात धरून पाठवे.’’

बाहेर कुणीतरी त्याला हाक मारत होतं. त्याने ओ दिली नाही. खडू पुसला जाऊ नये म्हणून कपाटाचं दार त्याने दोन बोटांनी, हळू हळू लोटलं.